शिवलेल्या बाह्या

९ जानेवारी

प्रिय धाकटे,

अकरा वर्षांनी माझं अक्षर पाहून दचकू नकोस. कोणी गेलेलं नाही, कोणी अंथरुणाला खिळलेलं नाही. एक बारीकशी चौकशी करायची आहे, आणि ती तुझ्याशिवाय दुसऱ्या कोणाकडे करता येत नाही.

लेकीला मुलगी झाली. अकरा महिन्यांची आहे. कान शाबूत आहेत, हे आधीच सांगून टाकते. जन्मल्यावर दुसऱ्याच दिवशी कसलंसं यंत्र लावून तपासले, आणि आता तर शेजारच्या खोलीत बिस्किटाचा पुडा उघडला तरी हिची मान वळते. तरीही तिला हातांच्या खुणा शिकवतात. पाळणाघरातल्या बाईंचं म्हणणं असं, की बाळाची जीभ वळायला दीड-दोन वर्षं लागतात, हात त्याच्या कितीतरी आधी वळतात, मग तेवढे दिवस त्याला गप्प कशाला बसवायचं? तिथे भिंतीवर एक तक्ता आहे. दूध, अजून, पुरे, झोप, दिवा, दुखतं, वर घे. त्याची नक्कल सोबत जोडली आहे.

लेक आणि जावई दोघंही हल्ली घरभर हातवारे करत फिरतात. दोघांनाही तोंड आहे, आणि माझ्या अनुभवाप्रमाणे दोघांचंही उत्तम चालतं. मुलीने पहिल्यांदा मूठ उघडमीट करून दूध मागितलं तेव्हा जावयाने फोनवर त्याचं चित्रण केलं आणि अर्ध्या गावाला पाठवलं. मलाही आलं. मी एकदा पाहिलं.

मंगळवारी आणि गुरुवारी नात माझ्याकडे असते, म्हणजे दुकानाच्या मागच्या खोलीत. मी अजून कपड्यांच्या दुरुस्तीचंच काम करते. उंची कमी करणं, चेन बदलणं, पोट सुटलेल्यांच्या कमरा सोडणं. तेव्हा चौकशी एवढीच, की या तक्त्यातल्या खुणा बरोबर आहेत का, की कोणीतरी घरबसल्या ठोकून दिल्या आहेत? चुकीचं शिकवण्यापेक्षा न शिकवलेलं बरं, असं मला वाटतं.

जुनं उकरून काढायला लिहीत नाही. आईने त्या बाह्या शिवल्या त्याला पन्नास वर्षं झाली, आणि आता आईही नाही. तुझ्या नवऱ्याला आणि मुलांना माझी आठवण सांग. बाइंडिंगचं काम कसं चाललं आहे?

तुझी ताई

२ फेब्रुवारी

प्रिय धाकटे,

तीन आठवडे झाले. पत्ता बदलला असता तर पाकीट परत आलं असतं, म्हणजे ते तुला मिळालं आहे. उत्तर द्यायचं नसेल तर देऊ नकोस. मी मात्र लिहिते, कारण पहिल्या पत्रात मी तुला निम्मंच सांगितलं.

नात आता मंगळवारी येत नाही. गुरुवारीही नाही. दोन जानेवारीनंतर ती माझ्याकडे आलेली नाही. म्हणजे मी तुला नऊ तारखेला "माझ्याकडे असते" असं लिहिलं तेव्हाही ती येत नव्हती.

झालं ते असं. त्या दिवशी ती सकाळपासून किरकिरत होती. दुपारी मी तिला कुस्करलेलं केळं भरवत होते. तिचे हात सारखे मध्ये येत होते. दोन्ही हातांची बोटं एकमेकांवर टेकवायची, ती कानाशी न्यायची, पुन्हा टेकवायची. चमचा उडाला, केळं माझ्या मांडीवर, शेजारी कोणाचा तरी पांढरा शर्ट होता त्याच्यावरही थोडं गेलं. मग मी तिचे हात धरले. एका हाताने दोन्ही मनगटं, तिच्या मांडीवर दाबून, आणि दुसऱ्या हाताने चमचा. ती रडायला लागली. मी चमचा थांबवला नाही.

लेक कामावरून लवकर आली होती आणि दारात उभी होती. किती वेळ उभी होती मला माहीत नाही. तिने मुलीला उचललं. मुलीने पुन्हा बोटं टेकवली आणि कानाशी नेली. लेक म्हणाली, "आई, तिला दुखतंय म्हणून सांगतेय ती. केव्हापासून सांगतेय?"

मी म्हटलं, सकाळपासून चाळे करते आहे.

डॉक्टरांनी कानात बघून सांगितलं की आत चांगलंच सुजलं आहे, दोन दिवस तरी झाले असतील. औषधाने बरं वाटलं. प्रश्न कानाचा नाही. संध्याकाळी लेकीचा फोन आला. ती आरडाओरडा करत नाही, जावयाकडून ती एवढं शिकली आहे. म्हणाली, "तुला खूण कळली नाही, हे मी समजू शकते. पण तू तिचे हात धरलेस ते बघून मला कसंतरी झालं. एका हाताने, न बघता. जसं काही रोज करतेस."

मी म्हटलं, रोज नाही करत.

"मग कुठे शिकलीस?"

मी म्हटलं, शिवणकामाने हातात पकड येते. तिने ते ऐकून घेतलं आणि म्हणाली की जोवर मी खरं सांगत नाही तोवर मुलीला माझ्याकडे एकटीला ठेवायचं नाही. तिचं चुकलं असं मला म्हणता येत नाही. मी तिच्या जागी असते तर दार लावून घेतलं असतं.

दुकान चालू आहे. मागच्या खोलीत तिची चटई अजून पसरलेली आहे, कारण गुंडाळून ठेवली तर ती कुठे ठेवायची हा प्रश्न येतो. मला तिची फार आठवण येते, धाकटे. मंगळवारी सकाळी दहा वाजता मी अजूनही दाराकडे बघते.

तुझी ताई

१९ फेब्रुवारी

धाकटे,

तुझं पाकीट काल मिळालं. आत पत्र असेल म्हणून मी हात धुऊन, चष्मा पुसून बसले. आत माझाच तक्ता होता. तांबड्या पेन्सिलीने तू सात खुणांपैकी तीन दुरुस्त केल्या आहेस, बाजूला छोटी छोटी बोटं काढून. तुझी चित्रं आधीपासूनच चांगली. पाळणाघरातल्या बाईंना मी ते नेऊन दाखवलं. त्या एकदम खूश झाल्या, म्हणाल्या, "तुमच्या बहिणीला एकदा आमच्याकडे बोलवा ना." मी म्हटलं, बघते.

आणि तक्त्याच्या खाली तू एकच ओळ लिहिली आहेस: बाह्या आईने शिवल्या नव्हत्या.

नव्हत्या. मी शिवल्या होत्या.

तुला सगळं माहीत आहे, तरी मी ते लिहून काढते, कारण लेकीला सांगायच्या आधी मला ते एकदा कुठेतरी सरळ मांडून बघायचं आहे. शिवायच्या आधी कापड अंथरून बघतात तसं.

तू सहा वर्षांची, मी बारा. शाळेतल्या बाईंनी आईला बजावलं होतं की बहिऱ्या मुलीने हात वापरले तर तिला बोलणं कधीच येणार नाही. हातवारे दिसले की थांबवायचे. आई दिवसभर मशीनवर, म्हणून रोज संध्याकाळचा अर्धा तास माझ्याकडे. आरशासमोर तू, मागे मी. तुझ्या ओठांपुढे कागदाची पट्टी धरायची, आणि "प" म्हटल्यावर ती हलली पाहिजे. एका हातात पट्टी, म्हणून तुझी दोन्ही मनगटं दुसऱ्या हातात. ती पकड तिथली आहे. लेकीने बरोबर ओळखलं.

तू हिसके द्यायचीस. माझा हात भरून यायचा. मैत्रिणी खाली खेळत असायच्या आणि मी वर कागद हलायची वाट बघत. म्हणून एका दुपारी मी तुझ्या दोन झग्यांना लांब बाह्या जोडल्या आणि त्यांची तोंडं शिवून टाकली. साधा धावदोरा, सहज उसवता येईल असा. आईला दाखवलं. ती म्हणाली, "डोकं आहे हो पोरीला." मला किती आनंद झाला होता हे मी कधी कोणाला सांगितलेलं नाही. आईने माझ्या कामाला नावाजलेलं ते पहिलंच.

पुढचंही लिहिते. एकदा घाईत शिवताना डाव्या बाहीत माझी टाचणी राहिली. त्या अर्ध्या तासात तू ती बाही सारखी माझ्या तोंडासमोर आणत होतीस आणि रडत होतीस. मला वाटलं नाटक. मी ओठ हलवून सांगितलं, "प म्हण, मग उसवते." तू रडत रडत म्हणालीस. पट्टी हलली. तुझा पहिला प. मी आईला हाका मारत पळत गेले, दोघी मिळून तुझं कौतुक करायला परत आलो, आणि मग मी बाही उसवली. टाचणी अंगठ्याच्या मुळाशी होती. आई रक्त बघून म्हणाली, "पण प आला ना." त्या झग्याची ती बाही मीच धुतली. दुसऱ्या दिवशी पुन्हा शिवली, टाचण्या मोजून.

त्यानंतर तू आणखी दोन वर्षं त्या बाह्यांत बसलीस. "ताई" म्हणायला शिकलीस. ऐकणाऱ्याला ते "दाई" वाटायचं, पण आम्ही मान्य करून टाकलं.

मी लहान होते, असं स्वतःला पुष्कळदा सांगितलं आहे. बारा वर्षांची मुलगी लहानच असते. पण आई गेली तेव्हा मी एक्कावन्न वर्षांची होते. तिला खाली निजवलं होतं, बाहेर माणसं जमली होती, आणि तू नि तुझा नवरा कोपऱ्यात हातांनी बोलत होतात. मी तुझ्यासमोर येऊन म्हटलं, "लोक बघताहेत, हात खाली घे." तू माझ्या ओठांवरून ते वाचलंस. संध्याकाळच्या गाडीने निघून गेलीस. त्या वेळचं लहानपण मी कुठून आणू?

मी चुकले. हे लिहायला पन्नास वर्षं लागायला नको होती.

ताई

१० मार्च

धाकटे,

लेकीला सांगितलं. तुझ्या परवानगीची वाट पाहिली नाही, कारण तू ती देणार की नाही याचा मला अंदाज येईना, आणि नाही म्हणालीस तर मला पळवाट मिळाली असती.

ती जावयाची पँट न्यायला दुकानात आली होती, खालून दोन बोटं कमी करायला दिलेली. एकटीच आली होती. मी म्हटलं बस. माप घ्यायच्या स्टुलावर ती बसली आणि मी मशीनवर बसून, काम करता करताच सगळं सांगितलं. काम हातात नसतं तर मला बोलता आलं नसतं. पँटची टीप मात्र वाकडी गेली, पुन्हा घालावी लागली.

तिने मध्ये विचारलं, "टाचणीचं मावशीने कोणाला सांगितलं?"

"कशाने सांगणार?" मी म्हटलं.

तिने स्टूल मशीनजवळ ओढलं. मग म्हणाली, "आणि मशीनचं भांडण?"

तुला हे माहीत नसेल. तू निघून गेलीस तेव्हा सगळ्यांनी विचारलं की काय झालं. मी सांगितलं की आईचं शिलाई मशीन मी ठेवून घेतलं म्हणून तू रागावलीस. वर हेही जोडलं की तू आधीपासूनच हेकट. मशीनवरून बहिणी भांडल्या, हे लोकांना लगेच पटतं. अकरा वर्षं मी ते इतक्यांदा सांगितलं की मलाच ते आठवायला लागलं होतं.

"भांडण झालं नव्हतं," मी म्हटलं. "तिने मशीनकडे बघितलंसुद्धा नव्हतं."

"मावशी हेकट आहे असं मी माझ्या नवऱ्यालाही सांगितलंय, आई. लग्नाला बोलवायचं ठरलं होतं तेव्हा. बोलवलंच नाही मग."

मी पँट तिच्या हातात दिली.

तिने पँटची घडी केली, पिशवीत घातली, पुन्हा काढली, पुन्हा घडी केली. मला वाटलं होतं, खरं सांगितलं की मंगळवार परत मिळेल. तिने तसं काही म्हटलं नाही. "मावशीचा पत्ता दे," एवढंच म्हणाली. मी पावतीच्या मागे लिहून दिला. दारात थांबून म्हणाली, "रविवारी येत जा घरी. मी असेन." म्हणजे ती समोर असताना. तेवढं मी घेतलं.

तेव्हा तुला तिचं पत्र आलं तर ते तिचं आहे, मी पढवलेलं नाही. ती मनाने माझ्यापेक्षा चांगली आहे. याचं श्रेय कोणाला द्यायचं मला कळत नाही, कारण तिला वाढवलं मीच.

ताई

६ एप्रिल

धाकटे,

लेक आणि नात तुझ्याकडे चार दिवस राहून आल्या. लेकीने मला पहिल्या रविवारी थोडं थोडं सांगितलं, मी विचारेन तेवढंच. तुमच्या दाराची घंटा वाजत नाही, तिचा दिवा लागतो. जेवायचं टेबल गोल आहे, म्हणजे प्रत्येकाला प्रत्येकाचे हात दिसतात. तुझा नवरा इतके विनोद करतो की घास हातातच राहतो. मुलगी पहिल्या दिवशी बिचकली आणि दुसऱ्या दिवसापासून तुझ्या अंगावरून उतरेना. तुझ्यापाशी ती तासभर बसायची, म्हणाली. माझ्याकडे ती पाच मिनिटं बसत नसे.

मग तिने नावांचं सांगितलं. तुमच्यात प्रत्येकाला हाताचं एक नाव असतं, हे मला ठाऊक नव्हतं. सख्खी बहीण असून ठाऊक नव्हतं. दर वेळी बोटांनी अक्षरं कोण जुळवत बसणार, म्हणून माणसात जे दिसतं त्यावरून एक खूण ठरते, आणि एकदा ठरली की जन्मभर तीच. लेकीला तिथे पहिल्याच संध्याकाळी नाव मिळालं, कानामागे पेन खोचल्यासारखी खूण. मुलीच्या नावाला गाल फुगवून त्यावर एक बोट. तुझ्या नवऱ्याचं, मुलांचं, आईचंसुद्धा तिने करून दाखवलं. आईचं मशीनचं चाक फिरवणं. मी ते लगेच ओळखलं.

"आणि माझं?" मी विचारलं.

"तुझं विचारायचं राहिलं," ती म्हणाली आणि चहा गरम करायला आत गेली. चहा गरमच होता. खोटं बोलताना काहीतरी काम काढायचं, हे ती माझ्याकडूनच शिकली आहे.

मी पुन्हा विचारलं नाही.

आज दुसरा रविवार. मी त्यांच्याकडे खुर्चीत बसून जावयाच्या शर्टाला गुंडी लावत होते. मुलगी कोचाला धरून उभी होती, चौदा महिन्यांची झाली, सोडून उभं राहायला अजून धजत नाही. तिला माझ्याकडे यायचं होतं. मध्ये चार पावलांचं अंतर. तिने आधी माझ्याकडे बघून आवाज काढला. मी दोरा तोडत होते, वर बघितलं नाही. मग तिने कोच सोडला, आधाराशिवाय उभी राहिली, आणि उजव्या हाताने स्वतःचं डावं मनगट घट्ट पकडलं. पकडून खाली दाबलं. आणि माझ्याकडे बघितलं.

मला ते काय आहे हे कळायला एक क्षणही लागला नाही.

तू तिला मुद्दाम शिकवलं नसणार. तू माझ्याबद्दल घरात बोललीस, लेकीने माझा फोटो दाखवला असेल, आणि तुझ्या घरात मला ज्या नावाने ओळखतात ते तू वापरलंस. तुझ्या नवऱ्याला मी त्याच नावाने माहीत आहे. तुझी मुलं त्याच नावावर मोठी झाली. "ताई" आम्ही तुझ्याकडून दोन वर्षं घासून म्हणवून घेतलं. हे नाव तू स्वतः ठेवलंस.

लेक धावत आली.  "नको राणी, असं नको," म्हणत तिने मुलीचे दोन्ही हात धरले, माझ्यासाठी, मला ते दिसू नये म्हणून. मुलगी गोंधळली. तिला कळेना की तिचं काय चुकलं. तिने हिसका दिला, आणि लेकीने पकड आणखी घट्ट केली.

"सोड तिचे हात," मी म्हटलं.

"आई, तिला कळत नाही ती काय..."

"तिला कळतं. ती मला हाक मारते आहे. हात सोड."

लेकीने सोडले. मुलीने एकदा तिच्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि पुन्हा आपलं मनगट पकडलं, हसत. तिला त्यात वाईट काही माहीत नाही. तिच्यासाठी ती खूण म्हणजे फक्त मी.

मी शर्ट बाजूला ठेवला, उठले आणि तिच्याकडे गेले.

नाव बदलून दे असं मी म्हणणार नाही. आज खाली सही करत नाही. माझं नाव मला आता माहीत आहे, ते कागदावर लिहिता येत नाही.